गेलेल्यांचे डोळे उघडणारा

पहिल्या दिवशी त्यांनी माझ्याकडे पाहिलं, नेमकं सांगायचं तर माझ्या कपाळाकडे पाहिलं, आणि म्हणाले, "जाईल तो."

"कोण जाईल?"

"वण. कांजिण्यांचा ना? दोन मिनिटांचं काम आहे."

बोलताना त्यांचा उजवा अंगठा तर्जनीवर हळूहळू घासत होता, बोटांत पेन्सिल असावी तसा. मी चोवीस वर्षांची होते, अमरावतीहून आलेली. पुण्यातली ही माझी पहिली नोकरी, आणि नीट ओळख व्हायच्या आत हे गृहस्थ माझ्या कपाळावरचा डाग काढायला निघाले होते. मला भयंकर राग आला. पुढे कळलं की तो त्यांनी मला दिलेला मान होता. जो चेहरा दुरुस्त करण्यालायक वाटायचा नाही, त्याच्याकडे ते बघायचेसुद्धा नाहीत.

शनिवार पेठेतला तो फोटो स्टुडिओ अगदी साधा होता. पुढे काउंटर, मागे डार्करूम, मध्ये खिडकीपाशी आर्टिस्टचं उतरतं टेबल. मालक त्यांना 'पेंटर' म्हणायचे. "पेंटर शटर रंगवतो," ते शांतपणे सांगायचे. "मी आर्टिस्ट आहे. डिप्लोमा आहे माझ्याकडे. बघायचाय?" मालकांनी तो कधीच बघायला मागितला नाही. बाकी सगळे त्यांना आर्टिस्ट म्हणायचे, म्हणून मीही म्हणायला लागले. ते मला 'कॉम्प्युटर' म्हणायचे, कारण स्टुडिओत नव्याने आलेल्या कॉम्प्युटरवर मी बसणार होते. "काय कॉम्प्युटर, डबा खाल्लात का?" असं. शेवटपर्यंत अहो-जाहो आणि शेवटपर्यंत कॉम्प्युटर.

त्यांचं काम फिनिशिंगचं. सुईसारखं टोक काढलेल्या पेन्सिलीने निगेटिव्हवर चेहऱ्याचे खड्डे भरायचे, ब्लेडने नको ते खरवडायचं, ब्लॅक अँड व्हाइट फोटोवर कापसाच्या बोळ्याने रंग चढवायचा. पण त्यांचं नाव झालं होतं ते गेलेल्या माणसांमुळे. घरातलं कोणी गेलं की लोकांच्या एकदम लक्षात यायचं, भिंतीवर लावायला धड फोटोच नाही. मग कुठल्यातरी लग्नातला ग्रुप फोटो यायचा. त्यात तिसऱ्या रांगेत हरभऱ्याएवढं डोकं. तेवढ्यावरून आर्टिस्ट हातभर उंचीचा माणूस उभा करायचे. जन्मात कोट न घातलेल्याला कोट द्यायचे, विस्कटलेले केस विंचरून द्यायचे, डोळे मिटलेले असले तर उघडून द्यायचे. "डोळे मी उघडतो," ते म्हणायचे. "तोंड त्यांनी आपणहून मिटलेलं असतं, तेवढं एक बरं असतं."

मागे नेहमी निळसर राखाडी रंग, खांदे किंचित तिरके, नजर आपल्या पाठीमागे कुठेतरी. आसपासच्या पेठांमधल्या कितीतरी घरांत त्यांच्या हातची माणसं भिंतीवर होती आणि एकावरही त्यांची सही नव्हती. गेलेल्या माणसाच्या अंगावर आपलं नाव घालायचं नसतं, असा त्यांच्या धंद्यातला रिवाज. मी एकदा विचारलं, वाईट नाही का वाटत? "कशाला? तिथे हार घालतात. सही हाराखाली गेली असती," ते म्हणाले.

गिऱ्हाइकाला ते एकच प्रश्न विचारायचे, "स्वभाव कसा होता?" सगळेच सांगायचे, फार प्रेमळ. मग ते चिठ्ठीवर 'प्रेमळ' लिहायचे आणि ओठांच्या कडा तांदळाच्या दाण्याइतक्या वर उचलायचे. एकदा एक मध्यमवयीन बाई आल्या. वडिलांचा फोटो होता. प्रश्न ऐकून त्या म्हणाल्या, "मारायचे." आर्टिस्टनी चिठ्ठीवर 'प्रेमळ' लिहिलं. त्या गेल्यावर मी भांडले. ते म्हणाले, "त्या बाईंना रोज त्याच खोलीत जेवायचंय. कपाळावर आठ्या घालून काय मिळणार त्यांना? गेलेल्याला डाग नसतो, कॉम्प्युटर."

हे ते दिवसातून दोनदा तरी म्हणायचे. आणि जेवायच्या वेळी वाळत ठेवलेले सगळे फोटो भिंतीकडे तोंड करून उलटे ठेवायचे. जेवताना कोणी बघितलेलं त्यांना चालायचं नाही. कोणी फार घाई केली, कधी मिळेल, कधी मिळेल, असं विचारलं, तर चष्म्यावरून बघून म्हणायचे, "त्यांनी घाई केली ती केली, आता तुम्ही नका करू."

मी ज्या यंत्रासाठी आले होते त्याला गारवा लागायचा. म्हणून खिडकीची जागा यंत्राला मिळाली, तिथे एसी बसला, आणि आर्टिस्टचं टेबल जिन्याखाली गेलं. "मशीनला उकडतं," मालक म्हणाले, "माणूस ॲडजस्ट करतो." आर्टिस्टनी टेबलाचं दुसरं टोक स्वतः धरलं. दिवा मात्र त्यांनी घरून आणला.

त्यांना ज्या चेहऱ्याला दीड दिवस लागायचा, तो मी पाऊण तासात करायचे. डागावर क्लिक केलं की शेजारची त्वचा डागावर येऊन बसायची. पहिल्यांदा त्यांनी ते पाहिलं तेव्हा ते माझ्या खुर्चीमागे बराच वेळ उभे राहिले. म्हणाले, "म्हणजे माणसाचंच कातडं काढून माणसालाच लावायचं. छान आहे." पोरं अमेरिकेतून ईमेलवर आजोबांचे फोटो पाठवायला लागली. बॅकग्राउंड चेंज करा, म्हणायची. मी करायचे. निळसर राखाडी रंगाची फाइलच मी बनवून ठेवली होती, आर्टिस्टच्या एका जुन्या फोटोवरून स्कॅन करून. त्यांना विचारलं नव्हतं. आज लाज वाटते, तेव्हा नाही वाटली. तेव्हा मला मालकांची शाबासकी हवी होती.

त्यांचं काम कमी होत गेलं. आणि अशा रिकाम्या दुपारी, एकोणपन्नासाव्या वर्षी, त्यांनी मला सांगितलं की ते एक चित्र काढणार आहेत.

"कोणाचं?"

"माझं. म्हणजे मी काढलेलं. कोणी गेलं म्हणून नाही, कोणी सांगितलं म्हणून नाही. आमच्या वर्गात माझं रेखाटन पहिलं होतं, कॉम्प्युटर. सगळ्यात शेवटच्या बाकावरचा एक जण होता, त्याची आता प्रदर्शनं भरतात. पन्नाशीच्या आत एक चित्र. एकच. ते झालं तर मी आर्टिस्ट. नाही झालं तर मालक म्हणतात तो."

हे सांगताना ते हसले नाहीत. मी हसले, कारण मला वाटलं हसायचं असतं.

वर्षभर ते धायरीच्या घरी दर रविवारी चित्र काढत होते. बायकोचं चित्र. काकूंना मी ओळखत होते. आठवड्यातून एखाद्या दिवशी आर्टिस्ट डबा विसरायचे आणि त्या बसने तो घेऊन यायच्या, काउंटरपाशी ठेवायच्या आणि म्हणायच्या, "तुमच्या आर्टिस्टांना द्या." हसऱ्या, फाटक्या तोंडाच्या, खणखणीत बाई. शेवटच्या बाकावरच्या मित्राने एका कलादालनात, पंधरावीस जणांच्या प्रदर्शनात, आर्टिस्टच्या चित्राला जागा मिळवून दिली. खाली पांढऱ्या कार्डावर त्यांचं पूर्ण नाव छापलेलं होतं. ते नाव मी त्या दिवशी पहिल्यांदा वाचलं.

मी सकाळीच गेले होते. आर्टिस्ट इस्त्रीचा झब्बा घालून चित्राच्या डाव्या बाजूला, काकू पेढ्यांचा बॉक्स घेऊन उजव्या बाजूला. चित्र चांगलं होतं. म्हणजे हात कसलेला होता हे कोणालाही कळलं असतं. काकू खुर्चीत बसलेल्या, मांडीवर हात, खांदे किंचित तिरके. मागे निळसर राखाडी रंग.

एक वयस्कर जोडपं आलं. दोघं चित्रापुढे थांबली. आजोबांनी चपला काढून बाजूला सरकवल्या, आजींनी हात जोडले, डोळे मिटले. मग आजोबा आर्टिस्टकडे वळून हलक्या आवाजात म्हणाले, "कधी गेल्या?"

आर्टिस्टनी झब्ब्याची बाही ओढून सरळ केली. काकूंनी बॉक्स पुढे केला. "अजून जायचीय मी," त्या म्हणाल्या. "पेढा घ्या."

आजोबा इतके ओशाळले की चपला घालायच्या विसरून दारापर्यंत गेले. आम्ही दोघी पोट धरून हसलो. पण दुपारी मी पुन्हा तिकडून गेले तेव्हा चित्राच्या खाली, कार्डाशेजारी, कोणीतरी शेवंतीचं फूल ठेवलं होतं. संध्याकाळी दोन फुलं झाली होती. काकू तेव्हा हसत नव्हत्या. त्या कोपऱ्यातल्या खुर्चीवर बसून लोक आपल्याला नमस्कार करताना बघत होत्या.

आर्टिस्टना वाटलं, पाठीमागचा रंग नडला. त्यांनी तो पिवळा केला, मग विटकरी केला, मग खिडकी काढली, खिडकीत तुळस काढली. चित्राचा फोटो काढून ते दर सोमवारी मला दाखवायचे. मी म्हणायचे, छान आलंय. काय चुकलंय ते मला पहिल्या दिवशीच दिसलं होतं. मी दिवसभर तेच तर करत होते.

मार्चच्या सुमारास त्यांनी माझ्या टेबलाशी स्टूल ओढलं. त्यांच्या पन्नाशीला दोन महिने राहिले होते. "कॉम्प्युटर, तुम्ही चेहरे बघता. खरं सांगा. ती यात जिवंत का नाही?"

मला खोटं बोलता आलं असतं. सहा महिने बोलतच होते. पण ते इतके थकलेले दिसत होते की मला वाटलं, खरं सांगितलं तर सुटतील. मी म्हटलं, "काकूंचे वांग नाहीत यात. तुम्ही काढून टाकलेत."

"कसले वांग?"

"गालांवरचे. काळपट डाग आहेत ना त्यांच्या."

"तिला वांग नाहीत," ते म्हणाले.

मला वाटलं, नेहमीसारखं तिरकं बोलताहेत. मी हसले. मग त्यांच्याकडे पाहिलं आणि कळलं की ते गंमत करत नव्हते. बायकोच्या दोन्ही गालांवर ठसठशीत वांग होते, काउंटरपलीकडून मला दिसायचे, आणि एक वर्ष दर रविवारी तिला समोर बसवून या माणसाला ते दिसले नव्हते. हात आपोआप पुसत गेला असता तर एक वेळ समजलं असतं. पण डोळाच पुसत होता.

"रविवारी घरी या," ते म्हणाले. "तुम्ही सांगा. मी काढतो."

मी जायला नको होतं. मी गेले.

सकाळचे दहा वाजले होते. काकूंनी गॅलरीच्या दाराशी स्टूल घेतलं, केसांना तेल लावलेलं, घरातलीच साडी. आर्टिस्टनी कोरा कागद लावला, कोळसा हातात घेतला आणि माझ्याकडे न बघता म्हणाले, "हं."

"काय सांगू?"

"जे आहे ते. तिचं नाव घेऊ नका. नुसतं काय दिसतं ते."

मी काकूंकडे पाहिलं. त्या म्हणाल्या, "सांगा हो. माझं काही झिजत नाही."

मग मी सांगायला लागले. दोन्ही गालांवर वांग, डावीकडचे जास्त गडद, खाली जबड्यापर्यंत उतरलेले. डावी पापणी उजवीपेक्षा खाली. उजव्या भुवईत आडवा व्रण, तिथे केस नाहीत. नाकापासून ओठापर्यंत दोन्हीकडे घड्या, उजवीकडची खोल. उजव्या कानावर एक पांढरी बट, बाकी केस काळे. कोळसा कागदावर चालत होता. एका बाईसमोर बसून तिचं वय मोठ्याने वाचायचं, हे इतकं क्रूर असेल याची मला कल्पना नव्हती. हनुवटीपाशी मी थांबले.

"तेही सांगा," काकू म्हणाल्या. "दोन केस आहेत. मला माहीत आहेत."

"हनुवटीवर दोन केस," मी म्हटलं.

कोळशाचा आवाज थांबला होता. आर्टिस्ट उठले, काकूंच्या अगदी समोर आले, चष्मा कपाळावर चढवला आणि गुडघ्यांवर बसले. त्यांनी बोट काकूंच्या डाव्या गालावर टेकवलं. त्यांचा अंगठा नेहमीसारखा तर्जनीवर फिरला नाही, हे मला आठवतं.

"हे कधी आलं?"

"धाकट्याच्या वेळी."

"धाकट्याच्या?"

"तो आता अकरावीला आहे," काकू म्हणाल्या.

त्यांचं बोट भुवईवर गेलं. "आणि हे?"

"गॅलरीचा कठडा लागला होता. तीन टाके पडले. रिक्षा तुम्हीच आणली होतीत की." काकूंच्या आवाजात तक्रार नव्हती. एखाद्या परक्या माणसाला पत्ता सांगावा तितक्या सरळ त्या बोलत होत्या. मग काकू म्हणाल्या, "झालं असेल तर पोळ्या टाकते. तुम्ही जेवून जा."

कागदावर मी सांगितलेलं सगळं होतं, जिथल्या तिथे. आणि तरी तो चेहरा काकूंचा नव्हता. कोणाचाच नव्हता. आर्टिस्टनी त्याच्याकडे एकदा पाहिलं. "हे तुम्ही काढलंत," ते मला म्हणाले. "माझा नुसता हात." जेवताना ते ताटाकडे बघत होते. मी कसाबसा भात संपवला.

त्यानंतर ते महिनाभर कामावर आले. जिन्याखाली बसायचे, पासपोर्ट फोटो कापून पाकिटात भरायचे. एकदा मालक म्हणाले, "पेंटर, आठ कॉप्या," आणि त्यांनी नुसती मान हलवली. मी आत डार्करूममध्ये जाऊन रडले. मग एक दिवस ते यायचे बंद झाले. मालक म्हणाले, "सुटले बिचारे." टेबल भंगारात गेलं. पुढच्या वर्षी मला हडपसरला एका कंपनीत नोकरी मिळाली, परदेशी कॅटलॉगमधल्या चेहऱ्यांचे डाग काढायची. पगार दुप्पट होता, एसी सगळ्यांनाच होता.

मी त्यांना फोन केला नाही. सुरुवातीला लाजेने, मग सवयीने. स्वतःला सांगत राहिले की त्यांनीच खरं विचारलं होतं. पण माणूस खरं विचारतो तेव्हा त्याला काय हवं असतं, हे चोविसाव्या-सव्विसाव्या वर्षी मला कुठे कळत होतं? आता मी स्वतः पन्नाशीच्या उंबरठ्यावर आहे. आरशात बघते तेव्हा मला माझ्या चेहऱ्यावर काय आहे ते दिसतं की नाही, याची मला खात्री वाटत नाही.

गेल्या थंडीत काकू स्वारगेटच्या बसस्टॉपवर भेटल्या. मी ओळखलं नाही. डोक्याला, कानांना स्कार्फ गुंडाळलेला, हातात भाजीची पिशवी. त्यांनीच हाक मारली, "अहो कॉम्प्युटर!" धाकटा बंगलोरला असतो म्हणाल्या. मी बरंच इकडचं तिकडचं बोलले आणि मग विचारलं, "आर्टिस्ट काय करतात?"

"घरीच असतात. चहा झाला की मला समोर बसवतात."

माझ्या अंगावर आनंदाने काटा आला. "म्हणजे काढतात अजून?"

"नाही हो. काढत काही नाहीत. नुसतं सांगतात, माझ्या तोंडावर काय काय आहे ते. मोठ्याने. रोज." त्यांनी पिशवी दुसऱ्या हातात घेतली. "तुम्ही त्या दिवशी सांगितलंत ना, तेच. डावीकडचे जास्त गडद, उजवीकडची घडी खोल. शब्दाचा फरक नाही. उजव्या कानावर एक पांढरी बट, बाकी केस काळे."

बोलता बोलता त्यांनी स्कार्फ सोडला आणि मानेवर घेतला. आखूड कापलेले केस, सगळे पांढरे. एकही काळा नव्हता.

"आणि मग विचारतात, बरोबर आहे ना?"

"तुम्ही काय सांगता?"

"मी म्हणते, बरोबर आहे," काकू म्हणाल्या. त्यांनी स्कार्फ पुन्हा नीट बांधला आणि धायरीची बस येते का ते बघायला दोन पावलं पुढे गेल्या.